रविवारचं काम

कापलेलं भात खळ्यात आणून टाकलं, आणि गेलेल्या पावसाला परत यायची बुद्धी झाली. योहाननं ताडपत्री टाकली, वर दगड ठेवले. वाऱ्यानं दगडांसकट ती नाल्यात नेली. ऊन पडलं तेव्हा पेंढ्या उचलून बघितल्या, तर खालून हिरवे कोंभ. दाण्यालाच फुटले होते. माझी वहिनी रमीबाई एकेका पेंढीत हात घालून बघायची आणि परत खाली ठेवायची. ओलं भात आतून तापतं, हाताला वाफ लागते. तेवढी वाफ घ्यायची आणि पुढची पेंढी उचलायची. बोलायचं काय?

मी योहानची बहीण, बेबीबाई. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी असते, पण भावाच्या जिवावर नाही. नवापूरच्या एका पोल्ट्रीत अंडी गोळा करते आणि माझं खाणं माझं मी आणते. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोकांच्या जिभेला हाड नसतं.

प्रिस्किला ही योहानची एकुलती पोर, आणि मी तिची फुई, म्हणजे आत्या. नंदुरबारला नर्सिंगच्या शाळेत एक वर्ष काढून ती दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. बापाबरोबर खळ्यात उभी राहिली, कोंभ बघितले आणि संध्याकाळी चुलीपुढं म्हणाली, "बा, हॉस्टेलचं आणि फीचं माझं मी बघते. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल."

"बघते म्हणजे काय?" योहान म्हणाला.

"काम करते. शिकता शिकता करतात पोरी."

योहाननं विस्तव सारला. तो तापला की बोलत नाही, विस्तव सारतो. काम नाही मिळालं तर काय, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. पोर घरी बसणार. घरी बसलेली पोर दोन पावसाळे टिकत नाही. एक तर ऊसतोडीला गुजरातेत जाते, नाहीतर सासरी. ती शाळा हातची गेली तर परत मिळणार नव्हती.

काम नव्हतं असं नाही. नंदुरबारच्या एका खासगी दवाखान्यात संध्याकाळी पोरी हव्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पांढरे कपडे देऊन सिस्टर म्हणणार होते. प्रिस्किलाच नको म्हणाली. "मला अजून येत नाही ते ते माझ्याकडून करून घेतील, फुई. काही झालं तर नाव माझं." शहाणी पोर. दुसरं काम सरलाबाईंकडचं. त्या नंदुरबारच्याच जुन्या मास्तरीणबाई, अर्धं अंग गेलेलं, मुलगा पुण्याला. राहायला, खायला देऊन वर थोडं हातावर ठेवणार होत्या. पण खाऊ घालायचं, अंग पुसायचं, भांडं द्यायचं. हे ऐकल्याबरोबर योहाननं लाकूड असं ढकललं की ठिणग्या वहिनीच्या लुगड्यावर आल्या.

"माझी पोर लोकांचं हागणं-मुतणं काढायला पाठवली नाही मी."

मग मी बोलले. घरात मी बोलल्याशिवाय काही ठरत नाही, हे योहान मान्य करत नाही, पण आहे तसं. म्हटलं, आमच्या पोल्ट्रीत दलसिंगची गँग येते. शेडशेड फिरून कोंबड्यांना लस टोचतात. पक्ष्यामागे पैसा, रोख. शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचं, रविवारी पहाटेपासून टोचायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. आणि सुई हातात धरायची सवय होईल ती वेगळीच.

"रविवारी?" योहान म्हणाला. "रविवार देवाचा."

"कोंबडीला रविवार कळतो का? रविवारीही अंडं देतेच ना ती?"

वहिनी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. योहान काही बोलला नाही, आणि आमच्या घरात तोच होकार.

पहिल्या रविवारी मी तिला घेऊन गेले. पोल्ट्रीच्या शेडमध्ये तुम्ही कधी गेला नसाल. वास नाकात शिरत नाही, डोळ्यांत शिरतो. पिंजऱ्यांच्या ओळी, खाली लेंडीचे ढीग, आणि सगळ्या कोंबड्यांचा एकच गलका. आतलं माणूस बाहेरच्याशी हातवारे करून बोलतं. प्रिस्किलानं ओढणी नाकाला बांधली आणि डोळे पुसत उभी राहिली.

दलसिंग बारकुडा माणूस, तोंडात कायम बडीशेप. माझ्याशी तो अहिराणीत बोलतो. त्यानं तिच्या गळ्यात लसीची बाटली उलटी टांगली, बाटलीतून आलेली नळी टोचायच्या बंदुकीला लावली आणि एक पक्षी काढून दाखवला. दोन्ही पाय डाव्या मुठीत, पंख कोपराखाली दाबलेले, पक्षी जरा फिरवायचा की छाती पुढं येते. मांसात सुई, बोटाचा दाब, परत आत. ओरडायला पक्ष्यानं चोच उघडेपर्यंत पिंजऱ्याचं दार लागलेलं.

"एक गोट ध्यानमा ठेव," दलसिंग म्हणाला. "तोंड नको देखू. तोंड देखं का हात थांबस. हात थांबना का सुई तुन्हाच बोटमा."

खरंच होतं ते. ती लस तेलातली. माणसाच्या बोटात गेली तर बोट सुजून दुधीभोपळा होतो. गँगमधल्या एका बाईचं पेरच कापावं लागलं होतं. पहिल्या दिवशी प्रिस्किलाचे दोन्ही हात नख्यांनी ओरबाडले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा. संध्याकाळी गाडीत बसली तर बाजूची बाई उठून दुसरीकडे गेली. वास येत होता ना! प्रिस्किलानं मला फोनवर सांगितलं, "फुई, बरं झालं, पाय पसरायला जागा झाली." हसतच सांगितलं, पण त्या दिवसापासून ती पिशवीत दुसरा ड्रेस ठेवायला लागली आणि पोल्ट्रीतल्या नळावर अंग घासघासून धुऊनच गाडीला जायची.

नाताळ येईस्तोवर तिचा हात बसला. मी अंड्यांचे ट्रे घेऊन तिच्या ओळीशेजारून जायची तेव्हा थांबून बघायची. दार, पाय, पंख, सुई, दार. दार, पाय, पंख, सुई, दार. डोळे पुढच्या पिंजऱ्यावर. दलसिंगची जुनी माणसं मागं पडायला लागली. तो मला म्हणायचा, "बेबीबाई, तुन्ही भाचीना हात शे का मशीन शे? कोंबडीले बी समजत नही का टोचं!" मी फुशारून जायची. सगळ्या पोल्ट्रीला सांगत सुटले, माझी भाची, माझी भाची. हॉस्टेलचं भरलं, मेसचं भरलं. योहान चर्चमध्ये शास्त्र वाचतो, तो रविवारी पोरीसाठी वेगळी प्रार्थना करायला लागला. देवाचा दिवस कामात घालवते म्हणून माफी मागत असेल, किंवा कामाबद्दल उपकार मानत असेल. मी विचारलं नाही.

मग फेब्रुवारीत माझा हात फाटला. पिंजऱ्याची तार तुटून वर आली होती, ट्रे ओढताना तळव्यापासून वरपर्यंत चीर गेली. गंजकी तार. मुकादम म्हणाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये. नवापूरला दवाखाना नाही असं नाही. पण प्रिस्किलाची ड्यूटी त्या महिन्यात नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात, इंजेक्शनच्या खोलीत लागली होती. म्हटलं, आपली पोर टोचणारी असताना परक्याचा हात कशाला? फडकं गुंडाळलं, तांदळाच्या भाकरी आणि सुकी मासळी बांधली, आणि न कळवता गाडीत बसले. पोरीला चकित करायचं होतं.

खोलीबाहेर बायांची ओळ होती. कोणी डोंगरातून जीपनं आलेली, कोणी बाजाराच्या पिशव्या घेऊन. मी ओळीत बसले. पडदा हलला की आत दिसायचं. एक मोठ्या सिस्टरबाई टेबलाशी लिहीत बसलेल्या, आणि स्टुलापाशी तोंडाला मास्क बांधलेली माझी पोर. पांढऱ्या कपड्यांत उंच दिसत होती. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, कोंभ आलेल्या भाताच्या घरातली पोर ही.

माझ्या पुढं एक म्हातारी होती. स्टुलावर टेकता टेकता ती म्हणायला लागली, "बाई, मागल्या खेपेला मला सुई दिली ना, तेव्हा मला..." तेवढ्यात सुई जाऊन बाहेर आली होती. "झालं, आजी. पुढं या." म्हातारी उठली, तिचं वाक्य तोंडातच राहिलं. बाहेर बाकापर्यंत आली आणि हळूच भिंतीला घसरत खाली बसली. मागल्या खेपेला चक्कर आली होती, हेच तिला सांगायचं होतं. कोणीतरी पाणी दिलं, पदरानं वारा घातला. आत ते कोणाला कळलं नाही.

माझी पाळी आली. पदर नाकापर्यंत घेतला होता मी, मुद्दामच. म्हटलं, गंमत करू, बघू कधी ओळखते. स्टुलावर बसले. तिनं माझा दंड धरला.

तो हात मी ओळखला. तिचा अंगठा माझ्या बगलेत दाबलेला, माझं कोपर तिच्या कोपराखाली अडकवलेलं, आणि दंड जरा बाहेर फिरवला की मांस वर येतं. मला हलायला जागाच ठेवली नव्हती. दुखलं म्हणाल तर दुखलं नाही. सुई कधी आली, कधी गेली, कळलंही नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून पुढच्या बाईवर गेली होती.

"झालं, मावशी. पुढं या."

मावशी! ज्या बाईच्या मांडीवर ती झोपायला शिकली, त्या बाईला ती मावशी म्हणाली. मी पदर खाली घेतला. माझं तोंड अख्खं उघडं होतं, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं जुनी सुई टाकली, नवी उचलली. टेबलावरच्या सिस्टरबाई म्हणाल्या, "प्रिस्किला, हात छान आहे हं तुझा." मी उठले आणि बाहेर आले. राग आला म्हणावं तर कोणाचा? ती गँग मीच दाखवली होती.

ड्यूटी संपेपर्यंत मी सायकल स्टँडजवळच्या लिंबाखाली बसून राहिले. दुपारी ती बाहेर आली, मास्क गळ्यात उतरवलेला. मला बघून पळतच आली.

"फुई! तू? कधी आलीस? हाताला काय झालं?"

"तार लागली. सुई घ्यायला आले होते."

"मग आत का नाही आलीस? मीच दिली असती."

"तूच दिलीस."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते. मी बाही वर करून दंड दाखवला, कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता. मग तिचं हसणं थांबलं. ती माझ्या शेजारी मातीतच बसली, पांढऱ्या कपड्यांनी. मी भाकरीचं फडकं सोडलं नाही.

"तुझ्या आधी कोण होतं?" तिनं विचारलं.

"एक म्हातारी. तिला चक्कर आली बाहेर. तुला सांगत होती बिचारी."

"म्हातारी होती?" ती म्हणाली. "फुई, मला एकही तोंड आठवत नाही. सकाळपासून एवढ्या बाया आल्या, आणि मला नुसते दंड आठवतात."

पोर रडवेली झाली. मला तिची कीव आली, पण मला फीसुद्धा आठवली. मी व्यवहारी बाई. म्हटलं, "एवढं काय त्यात? उद्यापासून तोंडाकडे बघत जा. काम कशाला सोडायचं?"

"मी बघायचं ठरवते गं. रोज सिस्टर सांगतात, आधी नाव विचारा, बोला. मी म्हणते, हो. पण हात माझ्या आधी जाऊन येतो."

"मी इतकी वर्षं पोल्ट्रीत आहे, मी माणसं विसरले का?"

"तू अंडी गोळा करतेस, फुई. अंड्याला दुखत नाही."

मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली. आम्ही भाकर खाल्ली. मासळी तिनं काटे काढून मला दिली, कारण माझा एक हात बांधलेला होता.

पुढच्या शनिवारी ती घरी आली आणि बापापुढं उभी राहिली. योहान कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"बा, मी दलसिंगचं काम सोडलं. सरलाबाईंकडे राहायला जाते. शाळेची परवानगी काढली."

योहाननं पाचर ठोकली. "लोकांच्या घरी भांडं द्यायला?"

"हो."

"मला चर्चमध्ये विचारतील, पोरगी काय करते. मी काय सांगू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रमीबाई बोलली. ती कोंबड्यांना कणी टाकत होती, वळलीही नाही. "नर्स झाल्यावर काय करणार ती? तेच ना? का पंख्याखाली बसून राहणार?"

योहान दांड्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो उलटा धरून जमिनीवर आपटला, पातं घट्ट बसलं का ते बघायला. बसलं होतं.

"वळकटी मी पोचवीन," तो म्हणाला. "गाडीत तुला झेपायची नाही."

आम्ही तिघं गेलो. सरलाबाईंचं घर दोन खोल्यांचं, खिडकीला पडदा, पलंगाखाली भांडं. म्हातारीचं अर्धं तोंड खाली ओघळलेलं, पण उरलेलं अर्धं फार तिखट. योहान वळकटी घेऊन दारातच थांबला. त्या म्हणाल्या, "कोण आहे? हमाल आहे का? आत ये म्हणावं." शब्द घोगरे यायचे, पण ते बरोबर कळले. योहाननं चप्पल काढली, आत येऊन वळकटी ठेवली आणि म्हणाला, "मी पोरीचा बाप." सरलाबाईंनी चांगल्या हातानं खुर्ची दाखवली. योहान खुर्चीच्या कडेला बसला, आणि निघेपर्यंत तसाच बसला.

जेवणाची वेळ झाली. प्रिस्किलानं वरणभात कालवला, उशी लावून त्यांना बसवलं आणि समोर तोंड करून बसली. एक घास. म्हातारी तो गालात फिरवत राहिली. अर्धा घास बाहेर आला, प्रिस्किलानं पुसला. परत घास. मधेच त्या तोंड मिटून भिंतीकडे बघत बसायच्या, आणि ही चमचा धरून थांबायची. माझ्या हातात असतं तर मी दोन मिनिटांत वाटी रिकामी केली असती आणि बाईला ठसका लागला असता. प्रिस्किला म्हणाली, "बाई, मीठ कमी आहे का?" म्हातारीनं मान हलवली. कमी होतं. ते विचारेपर्यंत कोणालाच कळलं नव्हतं. मीठ घातल्यावर तिनं जरा भराभर खाल्लं. योहान खुर्चीच्या कडेवरून हे सगळं बघत होता.

राहण्या-खाण्याचा प्रश्न सुटला. फीचा नाही सुटला. सरलाबाई देत होत्या ते वह्यांना आणि गाडीभाड्याला पुरेल एवढंच. योहान म्हणाला, बघू. आमच्या गावात बघू म्हणजे काय होतं, मला ठाऊक आहे. परीक्षा तोंडावर येते आणि सगळे बघत राहतात.

म्हणून मी दलसिंगकडे गेले. तो भाचीवरून चिडलेलाच होता. "इतली चांगली पोर सोडी गई, आते मी काय करू?"

"मला घे. तार लागलेला हात बरा झालाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बडीशेप चावायची थांबली. "तू? बेबीबाई, तुन्हा हात ते बैलगाडी शे!"

"बैलगाडी पोचते का नाही? बंदूक दे."

आठवडाभर अंडी, रविवारी सुई. पहिल्या रविवारी संध्याकाळी माझी बोटं मिटत नव्हती, रमीबाईनं कोमट तेल लावून उघडली. दलसिंग ओरडतो, मी त्याच्यावर ओरडते. पण आता मी ओळीतल्या बायांच्या बरोबरीनं चालते. मला शिकायला वेळ लागतो, विसरायलाही लागतो. प्रिस्किलाला सांगायचं नाही अशी मी घरात ताकीद दिली होती. योहाननं फी भरली तेव्हा तिला वाटलं, बापानं कुठून तरी उभी केली.

ईस्टरला ती एका दिवसासाठी घरी आली, म्हणून त्या रविवारी मी कामावर खाडा केला. चर्चहून परत येताना पाळकांच्या बायकोनं तिला विचारलं, तुझी फुई रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेलाही दिसत नाही हल्ली, बरी आहे ना? झालं. पोर घरात आली ती सरळ चुलीपाशी. नवा ड्रेस, केसांत फूल, आणि डोळे असे की मी कालवण हलवायचं सोडलं.

"तू दलसिंगकडे जातेस?"

"कोण म्हणालं?"

"फुई, खरं सांग."

"जाते. मग? कोंबड्यांना टोचायला बंदी आहे का मला?"

"मी कशासाठी सोडलं ते काम? तुला सगळं माहीत आहे. तू स्टुलावर बसली होतीस." तिचा आवाज चिरकला. "तुझाही हात तसाच होईल."

"होऊ दे," मी म्हणाले. "मला कुठं माणसं टोचायचीत?"

ती तिथंच चुलीपुढं बसली आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं. आधण आलं होतं, तांदूळ टाकायचे होते.